त्याच्या घरी कोण?

मेलेल्या माणसांची चौकशी करायची विजयकर सरांना सवय होती. खऱ्या नव्हे, नाटकातल्या. गिरगावातल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते खिडकीशी पलंगावर बसले होते. मांडीवर जाड इंग्रजी पुस्तक, पण मिटलेलं. डोळ्यांना वाचण्यापुरतं दिसत नव्हतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना हाताशी माणूस हवा होता. मी नाव सांगितलं, गाव किनवटकडचं म्हणून सांगितलं. शाळा नववीत सुटली हेही सांगून टाकलं. नंतर कळलं आणि काढून टाकलं तर काय करायचं?

सर म्हणाले, "बरं. आता मला सांग, एक चाकर राजवाड्याच्या जिन्यात दिवा धरून उभा आहे. दिवा विझतो. अंधारात त्याला भलताच कुणी समजून भोसकतात आणि नाटक पुढे जातं. त्याच्या घरी कोण असेल?"

म्हातारा सटकलाय, असं वाटलं मला. तरी म्हटलं, "आई असेल."

"राहा मग," सर म्हणाले. झाली माझी मुलाखत.

चारशे वर्षांपूर्वीचं सूडाचं नाटक होतं ते. सरांनी कॉलेजात जन्मभर तेच शिकवलेलं. मी दाढी करायचो, पाय चोळायचो आणि ते मराठीत सांगायचे. एका सरदाराला त्याचाच जिवलग माणूस मारतो. सरदाराचं भूत मुलाकडे येतं, सूड घे म्हणतं. मुलगा चार अंक थांबतो. पाचव्यात तलवार उचलतो, आणि राजवाड्यात केर काढायलाही माणूस उरत नाही.

"हलू नका सर, कापेल."

"काप की. पाचवा अंक आहे."

एका सकाळी असेच फेसाने माखलेले असताना म्हणाले, "लोक त्या पोराला भित्रा म्हणतात. मीही म्हणायचो तरुणपणी. पण नीट बघ. तो थांबला तोवर त्याच्या हातून एक माणूस मेला नाही. त्यानं थांबणं सोडलं आणि पहिला गेला तो दिवेवाला. आणि ते भूत! बाप ना तू? इतक्या वेळा आलास, पोराला एकदा तरी विचारलंस का, जेवलास का म्हणून?"

माझा वस्तरा थांबला. सरांना दिसलं नसेल, पण कळलं. "काय रे?"

मग मी सांगितलं. बांधावरून भांडण झालं आणि चुलत्यानं माझ्या बापाच्या डोक्यात लाकूड घातलं. पुढे साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं नाही, चुलता सुटून आला. बापाच्या दहाव्याला पैनगंगेवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. आईनं कबूल केलं, पोराला शिकवीन. कावळा झाडावरच. आत्यानं काही म्हटलं, मामानं म्हटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सतरा वर्षांचा. मी बापाला मोठ्यानं म्हणालो, "दादा, त्याला सोडणार नाही." आणि कावळा खाली आला.

आई त्याच गल्लीत राहते. चुलता तिला रोज पाणवठ्यावर दिसतो. आणि मी इथे गिरगावात, पंख्याखाली, पोटभर कालवण-भात खाऊन झोपणारा.

सरांनी अर्धीच दाढी पुसून घेतली. "कावळ्याला भूक लागली असेल रे," एवढंच म्हणाले. मला राग आला. म्हटलं, "सर, तुमचं नाटक आहे. पडदा पडला की सगळे उठून घरी जातात. आमच्यात उठत नाही कुणी."

"खरंय," सर म्हणाले.

आईचा फोन आला की एकच असायचं. "कवा येणार रं तू? बापाला बोललास ते ध्यानात हाय ना?" मी हो म्हणायचो. फोन ठेवला की जेवण जायचं नाही. मी थांबलोय की लपतोय, हे माझं मला कळत नव्हतं. आजही कळत नाही.

दिवाळी झाली आणि मी पिशवी भरली. सरांना म्हटलं, गावी जाऊन येतो. त्यांनी अडवलं नाही. किती दिवस, तेही विचारलं नाही. म्हणाले, "जा. फक्त एवढं सांगून जा, तुझ्या चुलत्याच्या घरी कोण असतं?"

"चुलती. आणि सोनी."

"सोनी कोण?"

चुलत बहीण. भांडणाआधी आमच्या दोन्ही घरांची न्याहारी शेतावर तीच आणायची. माझ्या भाकरीवर मिरची जास्त ठेवायची, मुद्दाम. हे सगळं मी सरांना सांगत बसलो आणि गाडीची वेळ टळून गेली. पिशवी पलंगाखाली सरकवली. सर शहाण्यासारखं काही बोलले नाहीत. "चहा टाक," म्हणाले, "आणि साखर घाल, मेली ती नीला इथे नाही." नीलाताई म्हणजे त्यांची मुलगी, दादरला असते, साखरेवर तिचा पहारा.

शेवटी शेवटी सर क्षीण झाले. एकदा माझा हात धरून म्हणाले, "दत्ता, माझ्या दहाव्याला कावळा आला नाही तर गप्प उभा राहा. काही कबूल करायचं नाही. मला भूत करू नका रे, मला ती भूमिका कधीच आवडली नाही."

सरांचा दहावा बाणगंगेच्या तलावावर झाला. पिंड ठेवला. कावळा भिंतीवर बसून राहिला. नीलाताई रडत म्हणाली, "बाबा, पुस्तकं रद्दीत घालणार नाही." कावळा ढिम्म. "दत्ताला दुसरं काम बघून देईन." त्यानं मान वळवली, बस. ऊन चढलं. ताई माझ्याकडे वळली, "तू बोल ना रे. तुझ्यात जीव होता त्यांचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तसेच. मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो.

गुरुजींनी जरा वाट पाहिली. मग दर्भाच्या काड्या घेतल्या, वळून गाठ मारली, गवताचा कावळा केला आणि पिंडाला लावला. "झालं. हात धुऊन घ्या."

मी त्यांच्या मागे गेलो. "गुरुजी, हे चालतं?"

"न चालायला काय झालं? कावळे काय आपल्या सोयीनं येतात?"

"सगळीकडे चालतं? नदीवर, गावाकडे?"

"सगळीकडे."

पैनगंगेवर बापाचा दहावा सांगणाऱ्या आमच्या जोशीकाकांच्या पुढ्यातही दर्भाची जुडी होती. मला स्वच्छ दिसते ती. कुणी हात पुढे केला नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तलावाच्या पायरीवर बसलो, ताई हाका मारीत होती तरी.

संध्याकाळी आईचा फोन आला. "कवा येणार रं तू?"

दर्भाचं सांगायला धीर झाला नाही. अजून सांगितलेलं नाही. मी विचारलं, "आई, जेवलीस का?"

फोन कट झाला की काय, म्हणून मी बघितलं.

"न्हाई अजून," आई म्हणाली. "तू?"