वरच्या मजल्यावरचे भाई आणि हरिणीच्या बाटल्या

हरिणीचं मूत नासलंय की अजून कामाचं आहे, हे नुसत्या वासावरून सांगणारा अख्ख्या कुवेतमध्ये एकच माणूस आहे, आणि तो सालमियात बरोबर आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतो. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हातातला चहा खाली ठेवतात, म्हणून लगेच खुलासा करते. भाई मूळचे रत्नागिरीकडचे. बायको आणि मुली गावी, आणि नोकरी जहरा गावातल्या एका शिकारीच्या सामानाच्या दुकानात स्टोअरकीपरची. परदेशात हरणांच्या शिकारीला जाणारे हौशी लोक तिथून या मुताच्या छोट्या बाटल्या नेतात. झाडाखाली चार थेंब टाकले की नर वासाने ओढला येतो म्हणे. "खरंच येतो का हो?" मी एकदा विचारलं. भाई म्हणाले, "भाभी, मी जन्मात जंगलातलं हरीण पाहिलं नाही. पण अरबाब दरसाल जातो आणि रिकाम्या हाताने येत नाही." अरबाब म्हणजे दुकानाचा मालक, आणि तो फक्त भाईंनी हुंगून निवडलेल्या बाटल्या घेऊनच विमानात बसतो.

मी फार्मसीत काम करते. तारीख उलटली की फेकायचं, एवढंच मला समजतं. भाईंना छापील तारखेचा भयंकर राग. "तारीख छापणारा बसलाय थंड मुलखात! त्याला काय ठाऊक, आपली पेटी बंदरावर उन्हात किती दिवस पडून होती?" बंदरावरचा एक दिवस म्हणजे कपाटातला एक महिना, हा त्यांचा हिशोब, आणि तो ते दुधाच्या बाटलीपासून खोकल्याच्या औषधापर्यंत सगळ्याला लावत. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, खुबूसच्या रोट्या घेताना पाकिटाला नाक लावून उभे राहत. शेवटी दुकानदार ओरडायचा, "चाचा, लेना है के सिर्फ सूंघना है?" उन्हाळ्यात दुकानाच्या गोदामातल्या एसीवर त्यांचा विश्वास नसे. मग उंची माल घरी येई, त्यांच्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या खाचांत बाटल्या उभ्या राहत आणि त्यांची अंडी आमच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला येत. आमचे हे म्हणायचे, "तेलाच्या कंपनीत वीस वर्षं काढली, पण घरी वास घेऊन कधी आलो नाही. यांना मात्र वासाची पेन्शन मिळणार."

गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता भाईंना ताप आला. चार दिवसांनी उतरला. पाचव्या दिवशी ते अंडी न्यायला आले तेव्हा गॅसवर दूध उतू जाऊन करपलं होतं, सगळं घर धुरकट वासाने भरलं होतं, आणि भाईंनी नाकसुद्धा मुरडलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "भाभी, नाक गेलं."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"येईल म्हणाला. सहा महिने, वर्ष. कदाचित येणारही नाही म्हणाला. आणि अरबाब निघाला पुढच्या महिन्यात." साठीला टेकलेल्या, नाक नसलेल्या स्टोअरकीपरला कोण ठेवील? नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला; इकामा गेला की धाकटीचं कॉलेज अर्ध्यावर. हे सगळं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं आणि खिशातून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली. "जरा नाक उसनं द्या."

दिलं. हळहळून काही होत नाही, हुंगून झालं तर होतं. महिनाभर मी फार्मसीतून आल्यावर हात धुऊन हरिणीचं मूत हुंगत होते. मुलगी खोलीचं दार लावून आतून ओरडायची, "आई, धिस इज सो ग्रोस!" भाईंनी मला शिकवलं: जिवंत मालाला उग्र वासाखाली ओल्या गवताची सय असते, मेलेल्या मालाला नुसता अमोनिया. मी सांगायचे, ते बाटलीच्या बुडाला टिकलीएवढी खूण करायचे. बदल्यात मी त्यांना लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाबाच्या चार बरण्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ हुंगा, मेंदूला आठवण करून द्या. ते इमानदारीने हुंगत आणि दरवेळी म्हणत, "चारही सारख्याच, भाभी. पाणी."

मग एका गुरुवारी नवी पेटी आली. ती अरबाबने स्वतःच्या गाडीत ठेवली. शनिवारी तो ती दुकानात भाईंसमोर फोडणार होता आणि तिथल्या तिथे निवाडा हवा होता. माझं नाक जहराला नेता येणार नव्हतं.

शुक्रवारी दुपारी भाई जुन्या सात बाटल्या घेऊन आले. मी एकेक उघडून त्यांच्या नाकाखाली धरत गेले. पहिली, काही नाही. दुसरी, काही नाही. भाईंचा चेहरा उतरत चालला. पाचवी बाटली सगळ्यात जुनी, इतकी मेलेली की मीच मान फिरवली. आणि भाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"वास आला?"

"नाही. झोंबलं."

मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. फार्मसीत इतकी वर्षं काढून हे आधी सुचू नये! अमोनिया हुंगावा लागतो कुठे, तो झोंबतो. नाक बंद असलं तरी डोळे उघडे आहेत ना. मी बाटल्या पाठीमागे नेऊन उलटसुलट केल्या आणि पुन्हा धरल्या. चार वेळा केलं, आणि चारही वेळा मेलेल्या बाटल्या त्यांनी अचूक काढल्या. "झोंबली की मेली, नाही झोंबली की जिवंत," मी म्हटलं. "यात फसवाफसवी काही नाही. रस्ता वेगळा, मुक्काम तोच."

शनिवारी अकराला काउंटरवर गर्दी असताना फोन आला. "भाभी, बारा बाटल्या होत्या. चारांवर रडलो."

"आणि अरबाब?"

"त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, खराब झालेल्या मालासाठी रडणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा पाहिला."

मी स्टुलावर बसले. समोर सर्दीचं औषध मागणाऱ्या बाईंकडे बघून उगाचच इतकी हसले की त्याही हसल्या. अरबाब आठ बाटल्या घेऊन गेला आणि नेहमीसारखी शिंगं घेऊन परतला. हरणाचं मत कुणी विचारलं नाही.

आता भाईंचं नाक निम्मंशिम्मं आलंय. लवंग लागते, गुलाब अजून नाही. बाटल्या घेऊन ते येत नाहीत, अंडीही त्यांच्याच फ्रिजमध्ये असतात. माझं स्वयंपाकघर स्वच्छ असतं आणि संध्याकाळ जरा लांबच वाटते. काल लिफ्ट बंद होती म्हणून ते जिन्याने चढत होते. आमच्या दारापाशी थांबले, डोळे मिटून मोठा श्वास घेतला आणि लहान मुलासारखे खुलले. "भाभी, आज मेथी?"

आत गवार शिजत होती. छापील तारखेपुढे मी एक दिवसही कुणाला सवलत देत नाही. पण म्हटलं, "हो भाई, मेथीच. वाटी पाठवते." मग दार लावलं, गॅस बारीक केला आणि पिशवी घेऊन मेथीची जुडी आणायला खाली उतरले.