पत्र्याच्या काकूंची वायर

पत्र्याच्या काकू स्लॅबच्या घरात पाऊल ठेवायच्या नाहीत. आमच्याकडे काही कार्य असलं तरी अंगणातच बसायच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात निलंग्याकडच्या त्यांच्या गावात घराचं मातीचं माळवद कोसळलं आणि यजमान व थोरला मुलगा गेले. वाचलेल्या सुरेखाला घेऊन काकू लातुरात आल्या, आमच्या शेजारी पत्र्याच्या दोन खोल्या घातल्या आणि शिवणकाम करून लेकीला शिकवलं. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हटलं, की म्हणायच्या, "तापू द्या. पडला तर उचलता येतोय."

सुरेखा लग्न होऊन बंगळुरूला गेली. गुडघ्यांमुळे काकूंना प्रवास झेपेना, म्हणून जावयाने ब्रॉडबँड घेऊन दिलं. खांबावरची वायर आमच्या गच्चीवरून त्यांच्या खिडकीत उतरायची. रोज दुपारी मशीन थांबवून काकू मोबाइलवर लेकीला डोळे भरून पाहायच्या.

क्लाससाठी बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांना खोल्या द्यायला गल्लीत सगळीकडेच मजले चढत होते. आम्हीही वर खोल्या काढायला घेतल्या. वायर नेमकी बीमच्या आड आली. कंपनीचा माणूस लवकर येईना. गुत्तेदार म्हणाला, तोडून टाकू, मागाहून जोडतील. मी काकूंना विचारायला गेलो, तेव्हा कळलं की सुरेखाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय.

"तुमचं काम अडवावं असं न्हाई, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पण तेवढं होऊ द्या. लेक दिसती तवर जिवाला आधार हाय."

मी काम थांबवलं. गुत्तेदार चिडून मजूर दुसरीकडे घेऊन गेला.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मायलेकी बराच वेळ बोलल्या. काकूंचं हसणं आमच्या अंगणात ऐकू आलं. पण सुरेखा ऑपरेशनातून उठलीच नाही. इतक्या लांब वेळेत पोचणं शक्य नव्हतं. लेकीचं शेवटचं दर्शनही काकूंनी मोबाइलवरच घेतलं.

तेरावं झाल्यावर भिंत धरत त्या आमच्या फाटकाशी आल्या.

"गुरुजी, आता तोडा वायर. माझं बोलणं झालं."

मी त्यांना हात धरून घरी पोचवलं, तोच मोबाइल वाजला. सुरेखाची लेक होती. बंगळुरूतच वाढलेली, तिला मराठी जेमतेम यायची. काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि गावाकडच्या कानडीत विचारलं, "ऊटा आय्ता?" जेवलीस का?

पोरीने नाही म्हणून मान हलवली. मग काकू हळूहळू तिची समजूत घालू लागल्या. ती ताट घेऊन समोर बसली, पहिला घास तोंडात घातला, तोवर काकू दुखऱ्या गुडघ्यांवर तशाच उभ्या होत्या.