शिबिराच्या पोस्टरवरचा फोटो
आमच्या पब्लिक हेल्थ कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सकाळी पुढच्या महिन्यातल्या आरोग्य शिबिराचं पोस्टर आलं, आणि त्यावरचा जुना फोटो बघताच राजाजीनगरच्या त्या देवळाच्या हॉलमधला पुळियोगरेचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, आंबट वास नाकात शिरला. शिकत असताना एका रविवारी आम्ही विद्यार्थी तिथल्या शिबिरात लोकांचं बीपी मोजत होतो. गजरा माळलेल्या एक आजी माझ्यासमोर बसल्या. आकडा इतका वर गेला की मी पुन्हा मोजलं, तरी तेवढाच. आजच डॉक्टरांना दाखवा, असं मी मोडक्या कन्नडमध्ये सांगू लागले, तर त्यांनी माझा हातच धरला. "मराठीच का गं तू? बरं झालं. मग एक गोळी दे की." गोळी माझ्याकडे नव्हती. शिबिर फक्त तपासणीचं होतं, आम्ही कोणी डॉक्टर नव्हतो, आणि उद्घाटनाला आलेले डॉक्टर समई पेटवून केव्हाच गेले होते. "मुलाला बोलवा ना," मी म्हटलं. "तो पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला. ट्रॅफिकमधनं यायला त्याला रात्र होती." मी शिबिरावर देखरेख करणाऱ्या आमच्या कॉलेजच्या सरांकडे पाहिलं. रांग दारापर्यंत गेली होती. "नीट समजावून सांग आणि पुढच्यांना घे," ते म्हणाले. तेवढ्यात फोटोग्राफरने इकडे बघा म्हटलं आणि आम्ही दोघी हसलो. मग आजी भिंतीच्या आधाराने पायऱ्या उतरून गेल्या. पुढे काय झालं, मला कधीच कळलं नाही. पोस्टरवर मात्र मी त्यांचा हात धरून धीर देतेय असं दिसतं. हात त्यांनी धरला होता. मला तो सोडवून घ्यावा लागला.