घोड्याबरोबर नऊ गेम

मोरेश्वरकाकांनी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं नोकरी केली. हातात आलेला कागद त्याच दिवशी पुढे गेला पाहिजे, हा त्यांचा नियम. निवृत्त होऊन ते अमेरिकेत कॅरीला मुलीकडे, सुनेत्राताईकडे, राहायला आले, तरी नियम सुटला नाही. मी शेजारचा प्रोग्रॅमर, त्यामुळे कॉम्प्युटरचं काही अडलं की ते मलाच हाक मारत.

२००६ च्या मार्चमध्ये त्यांची नात आरोही आठ वर्षांची होणार होती. तिला घोडा पाळायचा गेम हवा होता आणि आजोबांनी तो वाढदिवसाला द्यायचं कबूल केलं होतं.

"हे बघ काय लिहिलंय," काका स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. "एकटा घोडा वीस डॉलर. घोडा आणि वर नऊ गेम, पंधरा डॉलर. शिवाय बारकोड कापून पाठवला की दहा परत. यांना गेम विकायचेत की फेकायचेत?"

"डील आहे काका, घेऊन टाका."

"अरे पण कमी घेतलं तर जास्त पैसे का?"

मी ऑर्डरचं बटण दाबलं.

खोकं वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आलं. काकांनी पट्टी धरून बारकोड कापला, फॉर्म भरला आणि चालत जाऊन पोस्टात टाकला. घोड्याची डिस्क लावून बघितली ती त्यानंतर. चालेचना. मी जाऊन पाहिलं, तर ती डीव्हीडी होती आणि आरोहीच्या जुन्या कॉम्प्युटरवर फक्त सीडी चालायच्या.

दुकानाला फोन केला. बारकोड नाही म्हटल्यावर तिकडच्या बाईंनी खोकं परत घ्यायला साफ नकार दिला.

"त्यांनीच कापायला सांगितला ना?" खोक्याच्या चौकोनी भोकात बोट घालून काका म्हणाले.

"आधी चालतंय का ते तरी बघायचं!" मी म्हटलं.

"आणि कागद तसाच ठेवायचा? घरात?"

आरोही दारातच उभी होती. "आजोबा, व्हेअर इज माय हॉर्स?"

काकांनी खोकं पाठीमागे लपवलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आत मी माझ्या कॉम्प्युटरमधला डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिच्या कॉम्प्युटरला बसवला. तपकिरी घोडा स्क्रीनवर आला आणि आरोही आजोबांच्या गळ्यात पडली.

थोड्या वेळाने काकांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"उरलेले नऊ परत पाठवले, तर आपल्याला आणखी पाच डॉलर भरावे लागतील का रे?"