मयुरीचं नाक कोणावर गेलं

सेलूच्या बसस्टँडवर उतरून "मंडपवाले गुलाबभाऊ" एवढं विचारलं की कोणीही घर दाखवतं, आणि वर बजावून सांगतं, की भाऊंपुढे त्यांच्या पोरीचा विषय काढू नका, सारी दुपार जाईल. मयुरी ही भाऊंची एकुलती एक. तिच्यात जे चांगलं ते आपल्याकडून गेलंय, याबद्दल त्यांना कधी शंकाच आली नाही. नाक त्यांचं, अक्षर त्यांचं. ती कॉलेजात पहिली आली तेव्हा पेढे वाटत म्हणाले, "डोकं आमच्या घराण्याचं." स्वतः भाऊ दहावीला तीनदा बसले होते. बायको प्रमिलाबाईंनी विचारलं, "मंग माझं काय हाय तिच्यात?" भाऊंनी बराच विचार केला आणि म्हणाले, "झोप."

एवढा ऐसपैस माणूस, पण सुईला भारी भ्यायचा. भीमजयंतीच्या रक्तदान शिबिराचा मंडप भाऊ दरवर्षी फुकट घालून देत, आणि त्यांचं नाव पुकारलं की दरवर्षी मागचा एखादा दोर ढिला निघे. घाबरले की त्यांना मंडप सुचतो. हा खांब तिरपा, तो दोर सैल, असं बडबडत राहतात, आणि सुई दृष्टीआड झाली की गप्प होतात.

धाकटी बहीण सीताबाई कारंज्याला दिलेली. चाळिशीच्या आतच तिला स्तनाचा कॅन्सर झाला. उपचार झाले, बाई सावरली. पण आईसुद्धा त्याच दुखण्यानं गेली हे कळल्यावर नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला अशा तज्ज्ञ बाईंकडे धाडलं, ज्या हा आजार रक्तातून पुढे जातो का ते तपासतात. सीताबाईच्या रक्तात असा पुढच्या पिढीत जाणारा दोष सापडला. ती तडक सेलूला आली.

"दादा, आईकडून मले आलं हे. तुह्यातही असू शकते. तुह्यात असन तं मयुरीले येऊ शकते. तुले बलावलं हाय तपासाले."

"बायायचा रोग तो. मले काऊन बलावते?"

"बापाकडूनही जाते म्हणे लेकीले. नुसतं रक्त द्याचं हाय."

भाऊ म्हणाले, "सुई केवढी असते?"

दुसऱ्या दिवसापासून घरात नवलच सुरू झालं. चहा पिता पिता भाऊ बायकोला म्हणाले, "अवं, मयुरीचं नाक पाह्यलं का? हुबेहूब तुझं." प्रमिलाबाईंची पोळी तव्यावर करपली. संध्याकाळपर्यंत अक्षर बायकोच्या नावावर झालं, रात्री जेवताना डोकंही. "पोट्टी पुरी आईवर गेली. माझं काहीच नाई तिच्यात," भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. मयुरी झाल्यापासून प्रमिलाबाई याचीच वाट पाहत होत्या. जे मिळालं ते त्यांनी पदरात पाडून घेतलं. भाऊ मयुरीचा रागही त्यांना देऊ लागले, तेव्हा मात्र म्हणाल्या, "तो राहू द्या तुमच्यापाशीच."

मयुरी वाद घालत बसली नाही. "बाबा, तुमचं काहीच नाई ना माझ्यात? मंग तुम्हाले कशाले त्रास? मीच देते रक्त." भाऊ रस्ता दाखवायला म्हणून सोबत निघाले, जशी काही पोरगी नागपूरला कधी गेलीच नव्हती.

तिथल्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "आधी वडिलांचं तपासू. त्यांच्यात दोष नसला तर हिला तपासायची गरजच नाही."

"पण मॅडम, हे आईवर गेली."

"नाकाडोळ्यांवरून नसतं कळत हे. निम्मं आईकडून येतं, निम्मं वडिलांकडून."

भाऊंना घाम फुटला. हे पाहून मयुरी "माझंच घ्या" म्हणत स्टुलावर बसली आणि तिनं हात पुढे केला. सिस्टरनं सुई काढली. मयुरीनं मान फिरवली आणि बोलू लागली, "हा पडद्याचा दांडा तिरपा हाय जी. कोणं लावला? इकडून थोडा वर घ्या लागते..."

भाऊ पाहतच राहिले. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पोरगी घाबरली होती, आणि घाबरली होती ती थेट त्यांच्यासारखी. त्यांना आपली लाज वाटली, आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की डोळे भरले. "सरक बेटा," ते म्हणाले, "हे माझं हाय." स्टुलावर बसले, डोळे गच्च मिटले आणि दांड्याबद्दल तिच्याहून दोन वाक्यं जास्तच बोलले. रक्त काढून झालं तरी बोलतच होते.

काही आठवड्यांनी फोन आला. भाऊंच्या रक्तात तो दोष नव्हता. ते दाराच्या पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. पहिला फोन सीताला केला. ती म्हणाली, "बरं झालं, दादा. मयुरी सुटली." मग दोघंही रडली.

मग भाऊंनी पेढे आणले. "पोट्टीले हा दोष नाई आला," ते गल्लीला सांगू लागले, "ते माझ्यामुळंच."

प्रमिलाबाईंनी पेढा उचलला. "आन नाक?"

भाऊंनी मयुरीकडे पाहिलं, मग बायकोकडे. फार जड गेलं त्यांना.

"निम्मं," ते म्हणाले.