पावतीची मागची बाजू

आमच्या गल्लीत घरपट्टी गोळा करायला येणाऱ्या कारकुनाला सगळे पावतीकाका म्हणत. वसुलीवाला आला की लोक कडी लावतात. यांच्यासाठी मात्र खुर्ची पुढे यायची, चहा टाकला जायचा. कारण त्यांची एक खोड. पावती फाडली की उलटी करून मागे पेन्सिलीने लिहायचे, पैसे कशाला लागले ते. ‘कोपऱ्यावरचा दिवा.’ ‘गटाराची दोन झाकणं.’ आमच्या सासूबाई काठी टेकत जाऊन ती झाकणं बघून आल्या होत्या. "माझी आहेत, जपून पाय ठेवा," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

गेल्या वर्षी गल्लीतला नगरपालिकेचा दवाखाना बंद होणार अशी कुणकुण लागली. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथल्याच. मोठं इस्पितळ दोन बस बदलून. काकांनी नगरपालिकेतल्या आपल्या साहेबांना विचारलं. थकबाकी भरली तर दवाखाना राहील, सांगा लोकांना, असं साहेब म्हणाले. मग काका घरोघर स्वतःचा शब्द देत फिरले. शिंप्याने नव्या मशीनसाठी साठवलेले पैसे काढून दिले. आमची थकबाकी नव्हती, तर सासूबाईंनी पुढच्या वर्षाची घरपट्टी आधीच भरायला लावली. प्रत्येक पावतीमागे एकच शब्द: दवाखाना.

दोन महिन्यांत दवाखान्याला कुलूप लागलं. पैसे गेले नगरपालिकेच्या सभागृहाला, गुबगुबीत खुर्च्यांना. काकांना ते दारावरच्या नोटिशीवरून कळलं, आमच्यासारखंच. ते साहेबांकडे गेले, तर साहेब हसले. "अहो, घरपट्टी सगळी एकाच पिंपात पडते. मागे लिहिता ते तुमचं काव्य. तुम्हाला खरं वाटत होतं की काय?"

यंदा काका आले तेव्हा कुणी खुर्ची दिली नाही. शिंपी मान वर न करता म्हणाला, "मागे ‘खुर्ची’ लिहा काका. सभागृहातली एखादी तरी माझी असेल."

आमची भरलेली होती, तरी काका आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. सासूबाई नुकत्याच इस्पितळातून परतल्या होत्या, पाय सुजलेले. त्यांनी गोळ्यांच्या डब्यातून गेल्या वर्षीची पावती काढून उलटी पुढे धरली.

"खोडा."

"आजी, मला तरी कुठे माहीत होतं?"

"साहेबाला मी ओळखत नाही. अक्षर तुमचं आहे."

काकांनी पेन्सिलीमागच्या रबराने खोडलं. कागद झिजला, पण दाबून लिहिलेल्या अक्षरांचे वळ राहिले. सासूबाईंनी पावती उजेडाला धरली.

"वाचता येतंय अजून," त्या म्हणाल्या. मला चहा टाकायला मात्र सांगितलं नाही.