नळ आपोआप उघडला म्हणे

आपली चूक आहे हे कळत असूनही मूल "मी नाही केलं" यावर अडून बसतं, तेव्हा आईनं नक्की काय करायचं असतं? मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला जमलं असेल तर सांगा...

शनिवारी दुपारी बघते तर मोरीतला पाण्याचा ड्रम रिकामा. आमच्या गल्लीत चार दिवसांआड पाणी येतं, आणि ते येऊन एकच दिवस झाला होता. ड्रमचा नळ उघडा, आणि खाली बाहुलीचे ओले कपडे.

बाहुली माझ्या मुलीची, तनूची. ती सात वर्षांची आहे. फ्रॉक पुढून चिंब भिजलेला... आणि सांगतेय काय, "मी नाही उघडला. तो आपोआप उघडला."

आधी प्रेमानं विचारलं, मग समजावलं, मग आवाज चढला. पालकत्वावरचे कितीतरी व्हिडिओ मी सेव्ह करून ठेवलेत, त्यातला एकही कामाला आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे की गं. आता लेकराला पिळून पाणी निघणार हाय व्हय?"

पाण्याचं मला एवढं काही नव्हतंच. तिनं एकदा "मम्मी, चुकलं" म्हणावं, एवढंच हवं होतं. ही अशीच खोटं बोलत मोठी होणार की काय, या विचारानं एका जागी बसवेना.

शेवटी तनूला हाताला धरलं, कळशी घेतली आणि पाणी मागायला शेजारच्या अक्कांकडे गेले. अक्का टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जातात. त्यांची श्रावणी यंदा बारावी झाली, तिला नर्सिंगला जायचंय. तिचा ऑनलाइन अर्ज मीच भरला. माहेरी-सासरी मिळून ग्रॅज्युएट मी एकटीच, त्यामुळे गल्लीतले सगळे अर्ज माझ्याकडे येतात... आणि सासूबाई दारोदार सांगतात, "आमची सून लिहिण्यात चुकत न्हाय."

तनूचा रडवेला चेहरा बघून अक्कांनी तिला जवळ घेतलं. "नळच खराब असंल की. बिघडतंय कधी कधी. तुझ्या मम्मीनं श्रावणीचा फारम येवढा नीट भरला, तरी साईटनं मार्क कमी दाखवलंच की न्हाय? मम्मी काय करणार? तसंच हे."



साईटनं काहीही केलं नव्हतं. बारावीचे अठ्ठ्याहत्तर टक्के मी अडुसष्ट टाकले होते. सोमवारी प्रवेशाची तात्पुरती यादी लागली आणि श्रावणीचं नाव पार खाली गेलं, तेव्हाच मी फॉर्मची पीडीएफ उघडून बघितली होती. तरी अक्कांना म्हणाले होते, "साईटचा प्रॉब्लेम आहे, होईल नीट."

दुरुस्तीची मुदत येत्या मंगळवारपर्यंत. गुपचूप करावं तर श्रावणीची सही लागत होती. पाच दिवस मी रोज ठरवत होते, उद्या सांगू...

तनू माझ्याकडे बघत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी मला तिच्याकडे बघवेना. मी कळशी खाली ठेवली.

"अक्का, साईट नाही. आकडा मीच चुकीचा टाकला."

श्रावणी आतून बाहेर आली. "मग इतके दिवस सांगितलं का नाही, ताई?" अक्का म्हणाल्या, "मी कारखानाभर साईटला शिव्या घालत बसले की गं..." आणि कळशी उचलून भरायला घेतली. मला फार लाज वाटली.

तनूनं नळाचं अजून कबूल केलेलं नाही, आणि मीही विचारणं थांबवलंय. आम्ही तिला उठसूट "आमची हुशार पोर" म्हणतो, ते मात्र कमी करतेय. सतत हुशार म्हणवून घेणाऱ्याला चुकायला जागाच उरत नाही... हे माझ्यावरूनच कळलं.

आज सकाळी श्रावणीला घेऊन कॉलेजात गेले. यादी सुधारेल की नाही, अजून माहीत नाही. दुरुस्तीचा अर्ज हातानं लिहिला आणि शेवटी एक ओळ घातली, 'ही चूक अर्ज भरून देणारीची, म्हणजे माझी आहे.'

खिडकीतले साहेब म्हणाले, "मॅडम, एवढं लिहायची गरज नसते."

ओळ तशीच ठेवली, खाली माझी सही केली आणि अर्ज आत सरकवला.